भोपळ्याच्या बिया
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. जमाखर्च ट्रेझरर वाचतील. मी बोलणार आहे ते आपल्या सोसायटीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मेंबरांबद्दल.

त्यांचे आईबाप सकाळची लोकल पकडून जातात ते दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळात घरी असतो आपण आजी-आजोबा, आणि तिसरा मोबाईल. मुलं शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पण 'पाच बिया दे' म्हटलं की मूठभर देतात. हे पाठांतर झालं, मोजणं नव्हे. बँकेत जन्म गेलेला माणूस सांगतोय, एवढं ऐका.

आता बिया कुठून आल्या? म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतून. गोष्ट सांगायच्या दिवशी बाजारातून लाल भोपळा आणावा, नातवाला उचलू द्यावा. चिरल्यावर आतला गर त्यालाच चिवडू द्यावा. एकेक बी चिमटीत धरून काढताना बोटांना जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. बिया धुवायच्या, वाळवायच्या, मोजायच्या. लेकीकडे जाताना म्हातारीला आधी कोण भेटलं, मग कोण, तेवढ्या बिया ओळीने मांडायच्या. डायनिंग टेबलाखाली जंगल. उरलेल्या भोपळ्याचे घारगे. आमच्या नातवाने वाटेत एक मोर घुसवला. म्हटलं, असू दे, आणखी एक बी ठेव.

काऊ-चिऊची गोष्टही तशीच. पावसात शेणाचं घर वाहून जातं हे मांजर्लीच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. 2005 आणि 2019 साली उल्हास नदीने बदलापुरात काय केलं ते घरोघरी बोललं जातंच. एक घर मातीचं करा, एक मेणबत्तीच्या मेणाचं, आणि दोन्हींवर तांब्याने पाणी ओता. कुठलं टिकेल, हे आधी मुलाला सांगू द्या. 'चिऊने दार लवकर का नाही उघडलं?' असं एका छोटीने मला रागाने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, तिलाच विचारलं. अर्धा तास बोलत होती.

ही काही माझी अक्कल नाही. भावनगरला गिजुभाई बधेका गोष्टींवर भर देत, त्यांच्याबरोबर ताराबाई मोडकांनी काम केलं. 1945 साली ताराबाईंनी बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. माँटेसरीची महाग साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. अंगण नसलं तरी आपल्याला गच्ची आहे, जिना आहे.

एक विनंती. गोष्ट संपल्यावर 'तात्पर्य काय?' विचारू नका, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावू नका. तीच गोष्ट विसाव्यांदा मागितली तर कंटाळा न करता सांगा. एक शब्द चुकलात तर मूल टोकेल, तेव्हा खुशाल समजा की त्याला गोष्ट पाठ झाली, आणि मुद्दाम पुन्हा चुका. चित्रांचं पुस्तक हवंच. माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' आणा आणि मग मुलाकडून आपल्या घराचं तसंच पुस्तक करून घ्या. चित्र मुलाचं, खाली अक्षर आजीचं. आपल्याकडे सिंधी, गुजराती, मल्याळी घरं आहेत. त्या आजींनी आपल्याच भाषेत सांगावं. मुलांना भाषांची अडचण होत नाही, मोठ्यांना होते.

कमिटीकडे मागणी एवढीच की सोसायटी ऑफिस दर शनिवारी पाच ते सहा आम्हाला द्यावं. मीटिंग असेल त्या दिवशी गच्चीवर जाऊ. पैसा नको. जुनी वर्तमानपत्रं, खोके, बटणं, चिंचोके घरात असतील ते पाठवा. बारीक वस्तू नाकातोंडात जाणार नाहीत हे बघायला दोन मोठी माणसं कायम बसतील. नावं माझ्याकडे द्या. आतापर्यंत तीन आज्या आणि मी धरून दोन आजोबा आहोत. पहिल्या शनिवारी भोपळा मी आणतो, घारगे कोण करणार तेवढं आत्ताच सांगा.