ऊन पाठीवर, वारा पाठीवर
(गोंदियातील हिवाळी व्याख्यानमालेत नवशिक्या छायाचित्रकारांसाठी दिलेले व्याख्यान)



गोंदिया महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे. हिवाळ्यात इथं सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि अर्धा तास आधी मावळतो. मुंबई-पुण्याच्या कुणाचा व्हिडिओ पाहून निघण्याची वेळ ठरवलीत, तर परसवाड्याच्या तलावावर पोचेपर्यंत कोवळं ऊन सरलेलं असेल. जानेवारीत सातच्या आतच सूर्य वर येतो. पुढचा तास-दीड तास आपला. नंतरचं ऊन डोक्यावर चढतं, सावल्या काळ्या होतात, रंग उडतात.

कॅमेरा कोणता घ्यावा, यावर मी आज बोलणार नाही. हातात मोबाइल असो की मागून आणलेला कॅमेरा, आधी ठरवायचं ते एवढंच, की उभं कुठं राहायचं. फोटोचं निम्मं काम तिथंच होतं.

सकाळी तलावाच्या पूर्वेकडच्या काठाला जा. ऊन तुमच्या पाठीवर येईल आणि समोरच्या पक्ष्याच्या अंगावर पडेल. त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसला की जागा बरोबर आहे असं समजा. मुद्दाम उन्हाकडे तोंड करून आकृती काळी टिपायची असेल तर जरूर टिपा. मात्र आधी मोबाइलची काच रुमालाने पुसा. बोटांचा तेलकट डाग असला की समोरचं ऊन सगळा फोटो धुरकट करतं.

दुसरं, खाली बसा. आपल्या मालगुजारी तलावांची पाळ उंच. तिच्यावरून तलाव सुरेख दिसतो, पण पक्षी वरून दिसतो आणि त्याच्यामागे नुसतं पाणी येतं. धानाच्या बांधीतही तेच. कापणी झालेल्या बांधीत सारसाची जोडी उभी आहे. तुम्ही धुऱ्यावर उभं राहून फोटो काढलात तर राखाडी अंगामागे धसकटं येतात आणि सगळं एकमेकांत मिसळतं. तिथंच उकिडवं बसा, कॅमेरा गुडघ्याजवळ आणा. आता धसकटं पायांपाशी राहतात, मानेमागे लांबचं धुकं येतं आणि लाल डोकं स्वच्छ उठून दिसतं. सारस सहा फुटांपर्यंत उंच. ती उंची फोटोत यायची तर आपणच बुटकं व्हायला हवं.

तिसरं, उजेड कॅमेऱ्यावर सोडू नका. कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. काळसर पाण्यात पांढरा बगळा असेल तर कॅमेरा पाणी उजळवू पाहतो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. तेव्हा उजेड उणे एकवर आणा. मोबाइलवर बगळ्यावर बोट टेकवा आणि बाजूला सूर्याचं चिन्ह आलं की ते खाली ओढा. धुक्यात उलट होतं. कॅमेरा धुकं मळकं करतो, म्हणून तिथं उजेड थोडा वाढवा.

चौथं, हालचाल. उभ्या पक्ष्याला साधा वेग पुरतो. उडत्याला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत न्या आणि उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. सारस उडण्याआधी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून चार पावलं धावतो. म्हणून वारा तुमच्या पाठीवर असेल तर तो बहुधा तुमच्या दिशेनं धावत उठेल. वारा समोरून असेल तर शेपटीच हाती लागेल. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणू नका. पक्षी लहान राहू द्या, भोवतालचा तलाव घ्या.

आणि अंतर. महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरलेत आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच घरटं करतात, बहुधा दोन अंडी घालतात. तुम्ही जवळ गेलात की पक्षी उठतो आणि अंडी कावळ्या-कुत्र्यांसमोर उघडी पडतात. म्हणून घरट्याचा फोटो नकोच, आणि जागेचा पत्ता मोबाइलवरून कुणाला पाठवणंही नको. एरवीसुद्धा पक्ष्यानं चरणं थांबवून मान ताठ केली, की तिथंच थांबा. तेवढं अंतर त्यानं ठरवून दिलेलं आहे.

मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. 'नवेगावबांधचे दिवस' लिहिण्याआधी ते तिथला तलाव आणि तिथली माणसं पाहत राहिले होते. फोटोचंही तसंच आहे. म्हणून एक सोपं काम देतो. आठवडाभर एकाच तलावावर, एकाच वेळी जा. पाऊल टाकण्याआधी शेतमालकाला विचारा. जोडी कोणत्या बांधीत उतरते, किती वाजता उठते, हे त्याला ठाऊक असतं. घरी आल्यावर रोज फक्त एक फोटो ठेवा आणि तोच का ठेवला, ते वहीत एका ओळीत लिहा. आठव्या दिवशी वही वाचा. कुठं उभं राहायचं, हे मला पुन्हा विचारावं लागणार नाही.