चेंडूवरची नजर



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. अमेरिकेतल्या बेसबॉलवर आणि तिथल्या खेळाडूंच्या डोळ्यांवर तो काय बोलणार? पण आमचे म्हणणे असे की, पगार घेऊन खेळणारा बेसबॉलपटू हा शेवटी अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूसच आहे. सुताराचे जसे पटाशीवाचून अडते, तसे त्याचे डोळ्यावाचून अडते. पटाशीला धार लावता येते, मोडली तर नवी आणता येते. डोळ्याला धार लावता येते काय? येत असेल तर ती कोणी लावायची आणि कोणाच्या खर्चाने? आणि डोळा गेला, तर त्या माणसाचे पुढे काय? एवढ्या प्रश्नांचा आज आपण विचार करू.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या क्रिकेटमध्ये दोन यष्ट्यांमध्ये ६६ फूट अंतर असते आणि चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवर उभा असतो, आणि चेंडू टप्पा न घेता सरळ येतो. हात पुढे टाकून फेकल्यावर प्रत्यक्षात उरते ते सुमारे ५५ फूट. ताशी ९० मैलांचा चेंडू हे अंतर सेकंदाच्या चार दशांशात तोडतो. तेवढ्यात फलंदाजाने चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची. बॅट फिरवण्यातच दीड दशांश सेकंद जातो. म्हणजे विचाराला उरला तो पापणी लवण्याइतका अवकाश. बॅटही आपल्यासारखी सपाट नाही, गोल. जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच. म्हणून त्या खेळात दहा वेळांपैकी तीन वेळा ज्याचा फटका साधतो, तो उत्तम फलंदाज समजला जातो. आपल्याकडे दहातले सात डाव वाया घालवणाऱ्याला घरी बसवतील!

असे काम करणाऱ्यांची दृष्टी असते तरी कशी? आपल्याकडे डॉक्टर ६/६ लिहितात, अमेरिकेत २०/२० लिहितात. आपण मीटर मोजतो, ते फूट मोजतात, एवढाच फरक. निरोगी माणूस २० फुटांवरून जी अक्षरे वाचतो ती वाचता आली की डोळे ठीक. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या मोठ्या आणि धाकट्या तुकड्यांतील ३८७ खेळाडूंचे डोळे नेत्रतज्ज्ञांनी तपासले. ते निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. सरासरी निघाली २०/१३. सर्वसाधारण माणसाला जे वाचायला १३ फुटांपर्यंत पुढे यावे लागते, ते हा गडी २० फुटांवरून वाचतो. माणसाच्या डोळ्याची मर्यादा २०/८ च्या आसपास मानतात, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याहून दाट बसवलेल्या नाहीत.

तेव्हा असे वाटेल की, झाले, देवाने डोळे दिले म्हणून हे मोठे झाले. लोकांनाही असेच वाटते. टेड विल्यम्स नावाच्या फलंदाजाने १९४१ साली ०.४०६ ची सरासरी गाठली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये ०.४०० पर्यंत कोणी पोचलेला नाही. त्याच्याविषयी दंतकथा होती की, ग्रामोफोनची तबकडी फिरत असताना तो तिच्यावरचे नाव वाचतो. खुद्द विल्यम्सने ही गोष्ट उडवून लावली. आपले यश डोळ्यांत नसून शिस्तीत आणि सरावात आहे, असे तो सांगे. चेंडू मारण्याच्या शास्त्रावर त्याने जे पुस्तक लिहिले, त्यात त्याने फटक्याच्या पट्ट्याचे ७७ चेंडूंइतके भाग पाडून कोणत्या जागी आपली सरासरी किती, हे मांडले आहे. हा दैवी देणगीवर विसंबणारा माणूस दिसत नाही. हा कारागीर आहे.

शास्त्रज्ञांनी पुढे याला दुजोरा दिला. 'चेंडूवरून नजर काढू नकोस' असे प्रत्येक गुरू शिष्याला बजावतो. १९८४ साली टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या दोघांनी दोरीवरून ओढलेला चेंडू फलंदाजाकडे सोडून त्याच्या डोळ्यांची आणि मानेची हालचाल मोजली. काय आढळले? गुरूची आज्ञा कोणालाच पाळता येत नाही! विद्यार्थ्यांची नजर चेंडू नऊ फुटांवर असतानाच मागे पडली. धंदेवाईक खेळाडूची साडेपाच फुटांवर मागे पडली. शेवटच्या टप्प्यात चेंडू डोळ्यांसमोरून इतक्या वेगाने सरकतो की मानवी डोळा त्याच्याबरोबर वळूच शकत नाही. म्हणजे फलंदाज चेंडूला मारतो ते चेंडू दिसत असताना नव्हे, तर चेंडू कोठे येणार हे आधी ओळखून.

ही ओळख कोठून येते? २००४ साली जेनी फिंच या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या बाईंनी बेसबॉलमधल्या नामांकित फलंदाजांना चेंडू टाकले. अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा यांच्यासारखे गडी त्यांनी बाद केले. सॉफ्टबॉलचा चेंडू आकाराने मोठा, वेगाने कमी. पण तो ४३ फुटांवरून आणि खालून फेकलेल्या हाताने येतो, त्यामुळे पोचायला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. डोळे तेच होते, हात तेच होते. मग घोडे अडले कोठे? हजारो चेंडू पाहून पिचरचा खांदा, कोपर, मनगट वाचायला जे शिकले होते, ते ज्ञान या निराळ्या फेकीपुढे कुचकामी ठरले. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: नजर बसणे. हात बसतो तशी नजर बसते. लेथवरचा जुना माणूस धातूच्या किसाचा रंग पाहून सांगतो की हत्याराची धार गेली. ती डोळ्याची तीक्ष्णता नव्हे, ती बसलेली नजर.

आपल्याच मन्सूर अली खान पतौडींचे उदाहरण घ्या. १९६१ च्या जुलैत इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षअखेर ते कसोटी सामना खेळले, आणि १९६२ साली एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्याने त्यांनी नजर पुन्हा बसवली.

याचा अर्थ चष्म्याला, लेन्सला किंमत नाही असा मात्र नव्हे. ज्याला अंधुक दिसते त्याची नजर बसणार कशी? अमेरिकेत फार दिवस समजूत होती की चष्मेवाला हा खेळाडूच नव्हे. १९१५ साली ली मेडोज हा पिचर चष्मा लावून उतरला तेव्हा ते अप्रूप होते. १९२१ साली जॉर्ज टोपॉर्सर क्षेत्ररक्षक म्हणून चष्म्यासह उतरला, त्याचे नावच 'स्पेक्स' पडले. चिक हॅफी चष्मा लावून खेळे आणि १९३१ साली नॅशनल लीगमध्ये फलंदाजीत पहिला आला. मग त्याने पगारवाढ मागितली. मालकांशी घासाघीस झाली आणि १९३२ चा हंगाम सुरू होताना त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवून दिले! चष्म्याने त्याला चेंडू स्वच्छ दिसला. पण त्या काळच्या करारात खेळाडूला स्वतःच्या मर्जीने संघ बदलण्याची मोकळीक नव्हती.

चष्मा घामाने भिजतो, धावताना हलतो, कडेचे दाखवत नाही. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्सचे महत्त्व. १८८८ साली काचेच्या लेन्स निघाल्या. त्या जड होत्या. १९४८ साली केविन टुओही याने बुबुळापुरती प्लॅस्टिकची कडक लेन्स केली. मऊ लेन्सची कथा तर ऐकण्यासारखी आहे. चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टरले या रसायनतज्ज्ञाला १९५८ साली राजकीय कारणावरून महाविद्यालयातून काढले होते. १९६१ च्या नाताळात त्याने घरातल्या टेबलावर, मुलाच्या 'मर्कुर' या जोडखेळाचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र बनवले आणि मऊ लेन्स ओतल्या. पाणी शोषून घेणारे हे द्रव्य बुबुळावर खुपत नाही, सहसा निसटत नाही. १९७१ साली अमेरिकेत या लेन्सच्या विक्रीस परवानगी मिळाली. शोध एकाच्या घरातला, कारखाना दुसऱ्याचा. यातले अर्थशास्त्र श्रोत्यांना समजावून सांगायला नको. २००५ साली खेळाडूंसाठी रंगीत लेन्सही बाजारात आल्या. मात्र एक लक्षात ठेवावे. लेन्स अस्वच्छ हाताने लावली, नळाच्या पाण्याने धुतली, लावून झोपले, तर बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते.

आता डोळ्यांच्या तालमीचा प्रश्न. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संघाने २०११ च्या हंगामापूर्वी दिव्यांच्या फळ्यावर हात मारणे, उघडझाप करणाऱ्या चष्म्यातून चेंडू झेलणे अशी तालीम केली. संघाची सरासरी ०.२५१ वरून ०.२८५ वर गेली. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथे १९ खेळाडूंनी संगणकावर २५ मिनिटांच्या ३० बैठका केल्या. त्यांची दृष्टी सरासरी ३१ टक्क्यांनी सुधारली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आनंद आहे. पण कोणी उत्पादन वाढल्याचा आकडा पुढे केला की तो कसा काढला हे विचारायची आम्हांला सवय आहे. पहिल्या प्रयोगात त्याच संघातले काही खेळाडू तालमीवाचून ठेवून तुलना केलेली नव्हती. दुसऱ्यात तालीम न केलेल्या १८ जणांना दुसरे काहीच काम दिले नव्हते, तेव्हा नुसत्या उमेदीचा परिणाम किती हे वेगळे काढता येत नाही. शिवाय संशोधकांपैकी एकाचा ते साधन विकणाऱ्या कंपनीशी संबंध होता. २०१५ साली त्या कंपनीच्या जाहिरातींतील दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, आणि दीड लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले. तात्पर्य एवढेच की, तालमीने नजर बसते हे खरे. पण 'चष्मा फेकून द्या' असे सांगणाऱ्यापासून चार पावले दूर राहावे.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. १९२० साली रे चॅपमन हा फलंदाज डोक्याला चेंडू लागून मरण पावला. चेंडू मळलेला होता, नीट दिसत नव्हता. तेव्हापासून मळका चेंडू बदलण्याचा कटाक्ष आला. पण शिरस्त्राण सक्तीचे व्हायला १९७१ साल उजाडले. दरम्यान १८ ऑगस्ट १९६७ रोजी बॉस्टनच्या टोनी कॉनिग्लियारोच्या गालफडावर चेंडू बसला. वय २२. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली. तो जिद्दीने परत आला, १९७० साली त्याने ३६ होमरन मारले. त्याच वर्षअखेर त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले, आणि १९७१ च्या जुलैत दृष्टी पुन्हा खालावल्यामुळे त्याला खेळ सोडावा लागला. कान झाकणारी पट्टी नव्या खेळाडूंना सक्तीची झाली ती १९८३ साली. सुरक्षिततेचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी रक्ताने लिहिला जातो, हे गिरणीत खरे आणि मैदानातही खरे.

खेळाडूंना हे उमगले. १९६६ साली त्यांनी पोलाद कामगारांच्या संघटनेतून मार्व्हिन मिलर यांना आपल्या संघटनेवर आणले. १९६८ साली पहिला सामुदायिक करार झाला, किमान पगार ६,००० डॉलरांवरून १०,००० वर गेला. १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निर्णयाने खेळाडूची वेठ संपली. आणि २०१७ पासूनच्या करारात अंगावर बांधायच्या मोजणी-यंत्रांविषयी कलम आले: वापर खेळाडूच्या मर्जीचा, मिळालेली माहिती गोपनीय. हे कलम आम्हांला फार मोलाचे वाटते. कारण डोळे तपासणे हे दुधारी शस्त्र आहे. त्याच कागदावरून चष्मा देता येतो आणि त्याच कागदावरून घरीही पाठवता येते.

म्हणूनच कामगार तपासणीला भितो. चाळिशी लागली की सुईत दोरा जात नाही, तरी 'मला दिसते' म्हणून दामटतो. त्याचे नुकसान किती होते? आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना जवळचे पाहण्याचा साधा चष्मा आधी दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची खुडणी दुसऱ्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. बेसबॉलच्या लाखो डॉलरांच्या तालमीत जे निर्विवाद सिद्ध झाले नाही, ते इथे एका स्वस्त चष्म्याने करून दाखवले!

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणाचे ३५ वे कलम होते. ते ठिणग्या आणि उडणारे कण यांच्यापुरते. आमचे म्हणणे त्यापुढे जाते. चाळिशीनंतर प्रत्येक कामगाराची नेत्रतपासणी ठरावीक मुदतीने व्हावी. मिनेसोटाच्या कर्बी पकेटसारखा अव्वल खेळाडू १९९६ साली काचबिंदूमुळे उजवा डोळा गमावून बसला, आणि काचबिंदू बहुधा न दुखता, न कळता येतो. चष्म्याचा खर्च मालकाने सोसावा. खुडणीचा आकडा सांगतो की तो त्यालाही परवडतो. तपासणीचा कागद कामगाराच्या हाती राहावा, आणि त्यावरून कोणाची नोकरी जाऊ नये. जागा बदलावी लागली तर पगार घटू नये.

मंडळी, घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या घरातले कमावते माणूस, शिवणयंत्रावर बसणारी बहीण, गाडी चालवणारा भाऊ, यांना पंचांगातली बारीक अक्षरे एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. अडखळले तर उद्याच डॉक्टरकडे न्या; आणि वाचले, तरी चाळिशीनंतर एकदा तपासून घ्या.