युवराजाची आई



तळेगाव (श्यामजी पंत) येथून पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर फार लांब राहत नाही, आणि पूर्वेला नागपूरच्या पुढे रामटेकजवळ नगरधन आहे. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. या दोन गावांच्या मधल्या मुलखावर सोळाशे वर्षांपूर्वी प्रभावतीगुप्ता या राणीने राज्य केले. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पट्टराणी. पती अकाली गेला, मुलगे लहान होते, म्हणून मुलगा दिवाकरसेन याच्या नावाने कारभार तिने हाती घेतला. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे. त्यातही दिवाकरसेन युवराजच आहे आणि मुद्रेवर ती स्वतःला युवराजाची जननी म्हणवते. तेरा वर्षे एखादे राज्य नुसते सांभाळायला ठेवलेले नसते, ते चालवावे लागते.

तरीही इतिहासाच्या अनेक पुस्तकांत ती पाटलीपुत्राच्या गुप्तांच्या हातातले प्यादे ठरते. हा आक्षेप निराधार नाही. पुण्याच्या ताम्रपटाची सुरुवात वाकाटकांच्या नव्हे, गुप्तांच्या वंशावळीने होते, आणि त्यातली अक्षरेही वाकाटकांच्या नेहमीच्या पेटिकाशीर्षक, म्हणजे डोक्यावर चौकोनी पेटी असलेल्या, वळणाची नाहीत. तिच्या काळात गुप्तांचा प्रभाव वाढला, हे मान्यच करायला हवे. पण प्रभाव म्हणजे ताबा नव्हे. रिद्धपूरचा ताम्रपट पाहा. तो तिच्या दुसऱ्या एका मुलाच्या, प्रवरसेनाच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा. मुलगा गादीवर बसून इतकी वर्षे झाली होती आणि चंद्रगुप्ताला जाऊनही बराच काळ लोटला होता. ज्याच्या हुकमावर ती चालत होती असे म्हणायचे, तोच उरला नव्हता. तरी दान तिच्याच नावाने दिले जाते आणि वंशावळही ती आपल्या माहेरचीच सांगते. मग तो पित्याचा आदेश नव्हता, तिची स्वतःची निवड होती. सासरचे विष्णुवृद्ध गोत्र न लावता ती वडिलांचे धारण गोत्र लावते, नागकुळात जन्मलेल्या आपल्या आईचे, कुबेरनागेचे, नाव आवर्जून कोरून घेते आणि त्याच वेळी वाकाटकांची अग्रमहिषी असल्याचेही सांगते. मला हे तिच्या सत्तेचे सर्वांत स्पष्ट लक्षण वाटते.

दुसरा आक्षेप असा, की तिने स्वतःच्या नावाने राज्यवर्षे मोजली नाहीत. खरे आहे. राज्य मुलाचे होते, हे तिने कधी नाकारले नाही. परंतु नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे, शंखाच्या चिन्हासह, वजनाने जेमतेम 6.4 ग्रॅम. जिच्या मुद्रेने व्यवहार पक्के होतात, तिला नामधारी कसे म्हणावे?

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काहीजण उद्या शाळेत इतिहास शिकवतील. विदर्भातल्या त्या वर्गात प्रभावतीगुप्तेची ओळख चंद्रगुप्ताची मुलगी एवढ्यावर थांबवू नका. ती नंदिवर्धनची राज्यकर्ती होती, असे सांगा.