अमेरिकेचा अभ्यास आणि एक मराठी ग्रंथ



एखाद्या देशाची संस्कृती केवळ त्याच्या कादंबऱ्यांतून कळत नाही. म्हणूनच अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ‘अमेरिकन अभ्यास’ या पदवीसाठी इतिहास, वाङ्मय, समाजशास्त्र, कला हे विषय एकत्र शिकविले जातात. आपल्याकडे मात्र इंग्रजीच्या विद्यार्थ्याने मेल्व्हिल वाचावा आणि तेथील राज्यघटना राज्यशास्त्रवाल्यांवर सोडावी, अशी वाटणी आहे.

पंडिता रमाबाईंनी अशी वाटणी केली नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या. १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. राज्यपद्धती, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांच्या चळवळी, सारे एकाच ग्रंथात! (त्यास निव्वळ प्रवासवर्णन म्हणणाऱ्यांनी शीर्षकात ‘लोकस्थिती’ आधी आहे, हे पाहावे.) स्तुती पुष्कळ आहे, पण कृष्णवर्णीयांच्या व मूळ रहिवाशांच्या वाट्याला आलेला अन्याय त्यांनी झाकून ठेवला नाही.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांत रोज वावरणाऱ्या शहापूरच्या मुलांना एका समाजाकडे अनेक बाजूंनी पाहणे अवघड जाऊ नये. तशी पदवी हाताशी नसली तरी हा ग्रंथ वाचनालयाच्या कपाटात असावा, आणि इतिहासाच्या व इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी तो एकाच टेबलाशी बसून वाचावा, यासाठी कार्यकारी मंडळाने आठवड्यातील एक संध्याकाळ राखून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.