ठशावरचा डाग आणि ठशावरचा मळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी संतांवर बोलते, कोणी मुलांच्या संस्कारांवर बोलते. चिटणीसबाईंनी माझ्या वाट्याला विषय दिला आहे तो जुन्या रबरी ठशांवरची शाई काढण्याचा. तो ऐकून मागच्या सतरंजीवर थोडे हसू झाले, ते माझ्या कानांवर आले. खुशाल हसा. पण या विषयात मंडळाचे पैसे बुडाले आहेत, आणि ते माझ्या हातून बुडाले आहेत. तेव्हा त्यावर बोलण्याचा पहिला मान माझाच.

ठसे आपल्याकडे का आले ते आधी सांगते. महाराष्ट्रात २०१८ सालच्या मार्च महिन्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी जाहीर झाली आणि जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून आपल्यापैकी पुष्कळजणी खाकी कागदाच्या पिशव्या करू लागल्या. पिशवी चिकटवायला वेळ लागत नाही, पण तिच्यावर कोयरी नाही तर वेल काढायची म्हणजे संध्याकाळ सरते. आणि नक्षी नसली तर हळदीकुंकवाच्या वाणासाठी ती पिशवी कोणी घेत नाही. ठसा असला म्हणजे तेच काम पाव मिनिटात होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी गंगेवर बुधवारच्या बाजाराला गेले होते. एका जुन्या सामानवाल्याकडे पत्र्याच्या डब्यात लाकडी मुठीचे रबरी ठसे दिसले. पाने, फुले, कोयऱ्या, फुलपाखरे आणि एक तर पिसारा फुलवलेला मोर! सगळे मिळून पंचेचाळीस. घासाघीस करून साडेतीनशे रुपयांना डबा ठरला. खजिनदारबाईंनी पैसे माझ्यापाशी देऊनच ठेवले होते. इंदिरानगरचा बोगदा ओलांडून घरी येईपर्यंत किती पिशव्या होतील याचा हिशेब माझ्या मनात चालला होता.

घरी येऊन डबा उपडा केला. एकेक ठसा शाईने माखलेला, कुठे जांभळा, कुठे काळा, कुठे लाल. आपल्या बायकांचा स्वभाव माहीत आहे ना? करपलेले पातेले आरशासारखे झाल्याशिवाय आपण घासणी खाली ठेवत नाही. त्याच स्वभावाने मी कामाला लागले. काही ठसे कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत टाकले. सकाळी पाहते तो लाकूड फुगलेले, मधला स्पंज पाणी पिऊन बसलेला आणि रबर सुटून पाण्यावर तरंगते आहे. तेवढ्यावर शहाणी व्हायची, तर घरात रंगाऱ्याचा उरलेला थिनर होता, तो फडक्यावर घेऊन उरलेले घासायला बसले. शाई निघाली खरी, मलाही मोठा आनंद झाला. अर्ध्या तासाने मोराचा पिसारा फुगला, कडा वर वळल्या. वाळल्यावर रबर पुन्हा आत ओढले गेले, पण सपाट काही बसले नाही. बोटाने दाबले तर भेग पडली.

असे बारा ठसे गेले. पुढची गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगते. ते बारा ठसे मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले, आणि खजिनदारबाईंना सांगितले की डब्यात कामाचे एवढेच निघाले. त्यांनी तसेच वहीत लिहून घेतले.

पुढे मंडळाचा गोल शिक्का करून आणायला मी कोर्टाजवळ रबरी शिक्के करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेले होते. जाताना जांभळी झालेली एक कोयरी पिशवीत टाकून नेली. त्यांना विचारले, “बाबा, एवढे घासले तरी हा डाग जात नाही. काय लावू?” त्यांनी पांढरे सुती फडके ओले करून घट्ट पिळले, त्यावर कोयरी तीनदा दाबली आणि फडके माझ्यापुढे धरले. “काही उमटले का?” मी म्हटले, “नाही.” ते म्हणाले, “मग ताई, हा स्वच्छच आहे. तुम्ही घासता काय?”

मी घरी येईपर्यंत गप्प होते. फळीवरचे ते बारा ठसे, त्यातले किती मुळात स्वच्छच असतील, हे आता कळायला मार्ग उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते सगळे ओट्यात घेऊन मी खजिनदारबाईंकडे गेले आणि खरे ते सांगितले. पैसे भरून देते म्हणाले. त्या म्हणाल्या, “पैसे राहू द्या. काय चुकले आणि काय करायला हवे होते, ते सगळ्यांना नीट सांगा.” म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे.

तर भगिनींनो, पहिली आणि मुख्य गोष्ट ही, की ठशावरचा डाग निराळा आणि मळ निराळा. मळ म्हणजे रेघांच्या खाचांत बसलेली शाई. ती नव्या छापात उतरते, पिवळ्या फुलात काळा ठिपका आणते, बारीक रेघ बुजवते. ती काढलीच पाहिजे. डाग म्हणजे रबराच्या अंगात मुरलेला नुसता रंग. तो कागदावर येत नाही. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई आठवा. ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि १९६२ सालच्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदीचा क्षार असतो. तो कातडीत आणि नखात बसतो, साबणाने जात नाही, नख वाढेल तसा पुढे सरकत जातो. पण त्याच बोटांनी आपण संध्याकाळी कणीक मळतो, ती पोळी काळी होते का? नाही. ठशावरच्या जांभळ्या डागाचे तसेच आहे.

म्हणून आधी फडक्याची परीक्षा घ्या. ओल्या, पिळलेल्या पांढऱ्या फडक्यावर ठसा दोन-तीनदा दाबा. रंग उमटला नाही आणि रेघा मोकळ्या दिसल्या, तर त्या ठशाला पुढे हात लावू नका. उमटला तरच पुढचे काम.

आता थिनरने रबर का बिघडते ते सांगते. रबर हा मुळात झाडाचा चीक. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले की त्यात गंधक मिसळून तापवले की ते टिकाऊ होते. आपले ठसे तशाच रबराचे असतात. पण तेलाच्या जातीचे पदार्थ अशा रबरातही शिरतात आणि ते फुगवतात. लोणच्याच्या बरणीवर फडके बांधायला लावलेला रबरबँड तेल लागून सैल आणि बुळबुळीत होतो, हे आपण पाहिले आहे. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन आणि थिनर यांनी तेच होते, फक्त फार लवकर. एकदा फुगलेली बारीक रेघ वाळल्यावरही पूर्वीसारखी होईलच असे नाही.

आता शाई पाहून उपाय. कचेरीच्या पॅडची जांभळी किंवा निळी शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. तिच्यात ग्लिसरीन असते. ते हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून पॅड लवकर सुकत नाही. अशा शाईला वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब पुरतो. जुना मऊ दात घासायचा ब्रश त्यात बुडवून, झटकून, रेघांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. ठसा उपडा धरा, म्हणजे रबर खाली आणि लाकूड वर. मग पाणी स्पंजात उतरत नाही. ठसा पाण्यात बुडवायचा नाही, आणि नळाखालीही धरायचा नाही. शाई फारच वाळली असेल तर औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन दोन थेंब रबरावर चोळून दहा मिनिटे ठेवा, मग साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. ग्लिसरीनने रबराला अपाय होत नाही.

कापडी पिशवीवर छापायचे रंग निराळे. ते वाळले की प्लॅस्टिकच्या सालीसारखे होतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. खरा उपाय म्हणजे छापणे संपताच, चहाला उठण्याआधी, ठसा पुसणे. वाळलेच तर काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून त्यावर थोडे स्पिरिट घ्या, तेवढाच भाग ओला करा आणि नरम झालेली साल लाकडी टूथपिकने उचला. सुई वापरू नका, रबर चिरते. स्पिरिट पुन्हा पुन्हा लावले तर रबर कोरडे पडते, म्हणून लगेच साबणाच्या फडक्याने पुसा. आणि हे काम खिडकी उघडून, शेगडी आणि देवघरातली निरांजन यांच्यापासून दूर करा, कारण स्पिरिट भडकन पेट घेते.

तिसरी ती तेलाची काळी शाई, जी धातूच्या शिक्क्यांसाठी असते आणि कोणीतरी चुकून रबराला लावलेली असते. तिला बोटाच्या टोकावर मावेल एवढे खोबरेल लावून दोन मिनिटांत पुसून काढा आणि लगेच साबणाने धुवा. खोबरेलही तेलच आहे, ते रात्रभर ठेवू नका.

काही ठसे रबराचे नसून जेलीसारखे पारदर्शक असतात. त्यांना साबणाचे ओले फडके पुरे. स्पिरिट नको, कढत पाणी नको. नेलपॉलिश काढायचे द्रावण, कपड्यांचे ब्लीच आणि तारेची घासणी या तीन वस्तू तर कोणत्याच ठशाजवळ आणू नका.

धुतलेला ठसा फडक्याने टिपून सावलीत सुकवा. आपण पापडासारखे सगळे गच्चीवर नेतो, ती सवय येथे उपयोगाची नाही. नाशिकच्या चैत्रातल्या उन्हात रबर लवकर कडक होते आणि तडकते. वाळलेले ठसे झाकणाच्या डब्यात एका थरात ठेवा, एकावर एक रचून दाबू नका.

विकत घेतानाही दोन गोष्टी पाहा. नखाने रबर हलकेच दाबा. दबून परत वर आले तर ठसा जिवंत आहे. कडक लागले, भुकटी सुटली किंवा बोटाला चिकटले, तर शाई किती का कमी असेना, घेऊ नका. म्हातारे रबर कोणत्याही उपायाने तरुण होत नाही. दुसरे असे, की अशा डब्यांत कधी कधी जुने कचेरीचे शिक्के निघतात. आपल्या डब्यात तीन निघाले. एक डॉक्टरांच्या नावाचा, एक शाळेचा आणि एक सोसायटीचा. मुलांना ते खेळायला देऊ नका. दुसऱ्याच्या शिक्क्याचा खोटा वापर हा कायद्याने गुन्हा आहे, आणि गंमत म्हणून मारलेला शिक्का उद्या कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. ते तिन्ही आम्ही खजिनदारबाईंच्या समोर आडवे-उभे कापून टाकले.

आता हिशेब. पंचेचाळीसांतून ते तीन गेले, बारा मी बिघडवले, उरले तीस. त्या तिसांतले अकरा ठसे अजून जांभळे आहेत आणि तसेच राहणार आहेत. मेळावा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर पिशव्या मांडलेल्या आहेत, त्या पाहून जा. पांढऱ्या पिशवीवरची पिवळी कोयरी त्या जांभळ्या ठशानेच छापली आहे. तिच्यात जांभळा रंग शोधून सापडला तर मला दाखवा.

मोराचा ठसाही तेथेच ठेवला आहे. तो आता छापायच्या कामाचा नाही, पण हातात घेऊन त्याच्या वळलेल्या कडा पाहा, म्हणजे थिनरविषयी मला पुन्हा सांगावे लागणार नाही. खजिनदारबाईंनी वहीतली जुनी ओळ खोडून तिच्यापुढे नवी ओळ लिहिली आहे, “बारा ठसे हाताळताना खराब.” माझे नाव त्यांनी लिहिले नव्हते. ते मी माझ्या हाताने लिहिले.

संक्रांतीच्या पिशव्यांचे काम पुढच्या शनिवारी दुपारी माझ्या ओसरीवर सुरू होईल. येताना प्रत्येकीने एक जुना ब्रश आणि एक पांढरे फडके आणावे.