पाणी किती फुटांवर आलं?

(साताऱ्यातील युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिलाय 'शिक्षणातील सत्य आणि वास्तववाद'. नाव जड आहे, पण सांगलीच्या माणसाला तो फार समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा आमच्या आयर्विन पुलाखालून जाते. पावसाळ्यात सगळी सांगली एकच प्रश्न विचारते : पाणी किती फुटांवर आलं? 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पुलाजवळच्या पट्टीवर हिंदूंसाठी एक आकडा आणि मुसलमानांसाठी दुसरा, असं काही नव्हतं. जग आपल्या आवडीनिवडीवर चालत नाही, ते जसं आहे तसं असतं आणि प्रयत्न केला तर ते जाणून घेता येतं. वास्तववाद म्हणजे एवढंच. शिक्षण म्हणजे ती पट्टी वाचायला शिकणं.

पाण्याच्या बाबतीत हे सोपं आहे. इतिहासाच्या बाबतीत आपण सगळेच घसरतो.

10 नोव्हेंबर 1659 रोजी याच सातारा जिल्ह्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवराय आणि अफझलखान यांची भेट झाली. त्यानंतर 350 वर्षांनी, सप्टेंबर 2009 मध्ये, त्या प्रसंगाचं चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली. त्या दिवसांत वर्गातल्या एका मुस्लिम मुलानं मला हळूच विचारलं, "सर, अफझलखान आपला होता का?" मी म्हणालो, "गप्प बस, धडा वाच." शिक्षक म्हणून आजही मला त्या उत्तराची लाज वाटते.

काय सांगायला हवं होतं? अफझलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण. त्याच्या फौजेत मराठा सरदारही होते. शिवरायांच्या दहा अंगरक्षकांची जी यादी सांगतात, तिच्यात सिद्दी इब्राहिमचं नाव आहे. खानाच्या स्वारीत देवस्थानांना उपद्रव झाल्याचं बखरी सांगतात, हेही त्याच मुलाला सांगायला हवं होतं. आपल्याला सोयीचं तेवढं सांगितलं तर तो इतिहास राहत नाही, वकिली होते. एवढं ऐकल्यावर त्या मुलाला 'आपला' कोण हे माझ्याकडून ठरवून घ्यायची गरज उरली नसती.

आता जवळचं बोलू. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव चालून गेला. मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. त्या जमावातली पोरं निरक्षर होती का? पोस्ट वाचता येते, पुढे पाठवता येते, पण ती खरी आहे का, कुणी टाकली, एकाच्या पोस्टची शिक्षा दुसऱ्याला का, हे विचारता येत नाही. अशा साक्षरतेचं करायचं काय?

याच खटाव तालुक्यात कटगुण आहे, महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. 1873 मध्ये त्यांनी समाज स्थापन केला, तेव्हा नावातच सत्य 'शोधणं' ठेवलं. 'सत्य आमच्याकडे आहे' असं म्हणणं वेगळं आणि 'आम्ही ते शोधतोय' असं म्हणणं वेगळं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी हिशेब, शेती, आरोग्य यांचं शिक्षण मागितलं. मुलाचं जगणं जिथं आहे, तिथून शाळा सुरू व्हावी, हा त्यांचा आग्रह होता.

हीच पट्टी आता आपल्याला लावू. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात 2001 च्या जनगणनेचे आकडे आहेत. देशाची साक्षरता 64.8 टक्के, मुसलमानांची 59.1. म्हणजे आपण मागे आहोत. पण त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्त होती. आणि मदरशात शिकणारी मुलं? शाळेत जाणाऱ्या वयातली साधारण 3 टक्के. 'यांची सगळी पोरं मदरशात' हे खोटं आहे. 'आमच्यावर फक्त अन्यायच झाला' हेही पूर्ण सत्य नाही. साक्षर झालेली आपली मुलं-मुली पुढे कॉलेजपर्यंत का पोचत नाहीत, याचं उत्तर थोडं सरकारकडे आहे आणि थोडं आपल्या घरात, बहिणीची शाळा बंद करणाऱ्या निर्णयात.

वास्तव मान्य करणं म्हणजे हात टेकणं नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नाही आणि खिशात पैसा नाही, हे त्यांनी आधी पाहिलं. मग सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली, कष्ट करून शिकली. दुखणं नेमकं कळलं, म्हणून इलाज सापडला.

शेवटी एकच मागणं. विरोधकाचा खोटा मेसेज आपण लगेच पकडतो. आज घरी गेल्यावर आपल्या ग्रुपवरचा, आपल्याला आवडलेला, आपल्या बाजूचा एक मेसेज तपासा. खोटा निघाला तर त्याच ग्रुपवर तसं लिहा. चार लोक नाराज होतील, होऊ द्या. आणि एखाद्या लहान मुलानं अवघड प्रश्न विचारला, तर माझ्यासारखं त्याला गप्प बसवू नका.