स्टेथोस्कोपच्या शेजारी टेप

अभिनंदन दोन वाक्यांत आटोपले. पदवीधरांचे कौतुक, आईवडिलांच्या कष्टांचा उल्लेख, शिक्षकांना नमस्कार, आणि ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या परिसरात आयुष्यभर दवाखाना चालवलेल्या डॉक्टरबाई तडक मुद्द्यावर आल्या. समोर झगे घालून बसलेल्या नव्या डॉक्टरांना त्यांनी विचारले, इंटर्नशिपमध्ये किती जणांनी रुग्णाच्या पोटाचा घेर स्वतः टेप लावून मोजला? मोजकेच हात वर झाले. पुढचे सगळे भाषण वर न गेलेल्या हातांसाठी होते.

विषय होता मेटाबॉलिक सिंड्रोमचा. व्याख्या बाईंनी झटपट सांगितली, कारण परीक्षेपुरती ती सगळ्यांना पाठ होती. पोटाचा वाढलेला घेर, १५० किंवा त्यावर ट्रायग्लिसराइड्स, पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली गेलेले एचडीएल, १३०/८५ किंवा त्याहून जास्त रक्तदाब, उपाशीपोटी १०० किंवा त्याहून जास्त साखर. पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्या की निदान ठरते. मग मधुमेहाचा धोका साधारण पाचपट होतो आणि हृदयविकार व पक्षाघाताचा दुप्पट. यातला एकही आकडा एकटा असताना कुणाला घाबरवत नाही. साखर ११० असली म्हणून कोणी चक्कर येऊन पडत नाही, रक्तदाब १३६ असला म्हणून कुणाची झोप उडत नाही. ‘बॉर्डरवर आहे, काळजी करू नका’ असे सांगून माणसाला घरी पाठवले जाते. बाईंचा सर्वांत मोठा राग या वाक्यावर होता. ज्या पाच-दहा वर्षांत काही करता येण्यासारखे असते, नेमकी तीच वर्षे या वाक्याने वाया जातात, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

आणि मग त्या जुन्या आठवणींत शिरल्या.

त्या शिकत होत्या तेव्हा मधुमेही म्हणजे पेढीवर बसून असणारा स्थूल शेटजी, हे चित्र शिकवणाऱ्यांच्याही डोक्यात पक्के होते. टेंभी नाक्यावरच्या दवाखान्यात मात्र वेगळीच माणसे येऊ लागली. एमआयडीसीची पहिली वसाहत असलेली वागळे इस्टेट तेव्हा जोरात होती. तिथे लेथवर उभ्याने पाळी करणारा, हातपाय काटकुळे, वजन जेमतेम साठ किलो असा एक टर्नर एका संध्याकाळी छातीत कळ घेऊन जिना चढला. बायको आणि मेहुण्याने त्याला दोन्ही बाजूंनी धरले होते. चाळिशीही गाठली नव्हती. कंपनीमार्फत झालेल्या तपासणीचा कागद त्याच्या खिशात होता, त्यावर ‘वजन योग्य’ असा शेरा होता. बाईंनी तपासायला शर्ट वर केला. बारीक हातापायांच्या त्या माणसाचे पोट मात्र गोल आणि घट्ट होते. सिव्हिल हॉस्पिटल जवळच, म्हणून वेळेत पोचला आणि वाचला. पण ‘वजन योग्य’ हा शेरा बाईंच्या मनातून गेला नाही. ज्याने तो लिहिला त्याने वजनकाटा बघितला होता, माणूस बघितला नव्हता.

उत्तर पुढे पुण्यातून आले, आणि इथे बाईंचा आवाज चढला. आपल्या मुलांना बोस्टनमधले अभ्यास पाठ असतात आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर झालेले काम ठाऊक नसते, ही त्यांची जुनी तक्रार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, बारीक बांध्याच्या या बायकांची बाळे सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला तीच सरासरी ३.५ किलो. बाळे लहान असणार हे अपेक्षितच होते. धक्का वेगळा होता. या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच टिकून होती. बारीक दिसणारा आणि आतून चरबी बाळगणारा भारतीय देह आईच्या पोटातच घडत होता. याच मुलांच्या पुढच्या तपासण्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण जास्त होती. लेथवरचा टर्नर बाईंना तेव्हा नव्याने समजला.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. छायाचित्रात दोन शास्त्रज्ञ शेजारी उभे आहेत, एक याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘हे चित्र प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर हवं,’ बाई म्हणाल्या. ‘औषध कंपन्यांची कॅलेंडरं लावतो आपण, त्यापेक्षा हे लावा.’

पोटातली चरबी इतकी वाईट का, हे सांगताना त्या पुन्हा शिक्षिका झाल्या. मांडीवरची किंवा नितंबावरची चरबी बऱ्यापैकी गप्प बसते. आतड्यांभोवतीची बसत नाही. तिथून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते, काही स्वतःतच साठवते, आणि इन्सुलिनचे ऐकेनासे होते. साखर आवरायला स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतते. ते वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते, तसा रक्तदाब चढतो. एचडीएल घसरते. म्हणजे साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि फॅटी लिव्हर असे चार वेगळे आजार रुग्णाला जडलेले नसतात. मुळाशी एकच बिघाड असतो.

आणि तरीही रुग्ण चार ठिकाणी फिरतो. बाईंची ही तक्रार सर्वांत लांबली. डोंबिवलीहून येणाऱ्या एका गृहस्थांची प्लॅस्टिकची पिशवी त्यांना आठवली. तिच्यात चार डॉक्टरांच्या चार फायली. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिलेली, मधुमेहाच्या डॉक्टरांनी साखरेची, पोटाच्या डॉक्टरांनी यकृताची, आणि चौथ्यांनी गुडघ्यासाठी विश्रांती सांगितलेली. हे सगळे एकाच मुळाचे फाटे आहेत, हे त्या माणसाला कुणीही सांगितले नव्हते. एका नामांकित रुग्णालयातून घेतलेल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये पन्नासच्या वर तपासण्या होत्या. पोटाचा घेर मात्र कुठेच लिहिला नव्हता. यंत्रात मावत नाही आणि बिलात बसत नाही अशी तपासणी आपल्या व्यवसायाने टाकून दिली, असे बाई म्हणाल्या, तेव्हा मंचावरचे काही ज्येष्ठ अस्वस्थ झाले. बाईंनी शब्द मागे घेतला नाही.

व्याख्यांच्या भांडणाबद्दलही त्या बोलल्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या व्याख्यानात या लक्षणांची मोट ‘सिंड्रोम एक्स’ नावाने बांधली. त्यांच्या यादीत पोटाचा घेर नव्हताच. खरे तर मार्सेयच्या जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवले होते, की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे यावर आजार ठरतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या १९९८ ला आली, अमेरिकेची २००१ ला, आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची २००५ ला. त्याच वर्षी मोठ्या मधुमेह संघटनांनी या निदानाच्या उपयोगावरच शंका घेतली. विद्वानांचे हे वाद चालू राहतील, बाईंचा त्याला आक्षेप नाही. आक्षेप एवढाच, की अमेरिकन पुस्तकातले १०२ आणि ८८ सेंटिमीटर ठाण्याच्या माणसाला लावले जातात. दक्षिण आशियाई शरीराची मर्यादा पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० आहे. मधल्या त्या आठ-बारा सेंटिमीटरमध्ये आपले कितीतरी रुग्ण ‘निरोगी’ म्हणून हरवतात.

‘घेर मोजा,’ त्या पुन्हा म्हणाल्या. ‘वजन कमी असलं तरी मोजा. बारीक दिसणाऱ्याचा आधी मोजा.’

मोजायचे कसे, हे त्यांना एका शिंप्याने शिकवले. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत मास्तरांचे दुकान होते आणि त्यांच्याकडे मापांच्या जाडजूड वह्या होत्या. एकाच गिऱ्हाइकाची वीस वर्षांची मापे एकाखाली एक. बाईंनी एकदा सहज वही मागितली. कित्येकांची पँटची कंबर तीसवरून चौतीसवर गेलेली आणि पुढे वर्षानुवर्षे चौतीसवरच थांबलेली. शर्टाचे पोटावरचे माप मात्र दर दिवाळीला पुढे सरकलेले. बाई गोंधळल्या. मास्तरांनी समजावले, ‘बाई, माणूस पँट पोटाखाली घेतो. कंबर तीच राहते, पोट वरून बाहेर येतं.’ तेव्हापासून कुणी पँटचा नंबर सांगितला तर बाई तो लिहून घेत नाहीत. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मध्ये टेप. रुग्ण उभा, श्वास सहज सोडलेला, पोट आत न ओढलेले, टेप त्वचेला टेकलेला पण न रुतलेला. पुरे अर्धे मिनिटही लागत नाही.

मास्तरांवरून नाक्यावरच्या नवरात्राची आठवण निघाली. शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या त्या उत्सवात दुर्गेश्वरीच्या दर्शनाची रांग दवाखान्याच्या दारापर्यंत यायची आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दवाखान्यात वेगळी रांग लागायची. नऊ दिवस श्रद्धेने उपवास केलेल्या बायका. साखर वाढलेली. ‘बाई, मी तर काही खाल्लंच नाही.’ खाल्लेले असायचे ते म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळे, वेफर्स आणि दिवसभर गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. बाईंनी कधी कुणाचा उपवास सोडवला नाही. ताक, शेंगदाणे, वरीसोबत दही, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर असा फराळ त्या कागदावर लिहून देत. रुग्णाची श्रद्धा मोडून त्याचा आजार आटोक्यात येत नाही, हे नव्या डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे, असे त्या म्हणाल्या.

शहरही बदलत गेले. वागळे इस्टेटमधले बरेच कारखाने बंद पडले, जिथे यंत्रे होती तिथे कार्यालये आली. जो आठ तास उभा राहत होता तोच पुढे सुरक्षारक्षक होऊन बारा तास खुर्चीत बसू लागला. ताटातला भात तेवढाच राहिला. डोंबिवली, कल्याण, बदलापूरची माणसे सकाळी डबा घेऊन लोकल पकडतात, रात्री दहाला जेवतात आणि अकराला आडवी होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत. त्या उंबरठ्यावरच्या कोट्यवधींनाच आपण ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतो आहोत, असे सांगताना बाईंनी समोरच्या टेबलावर बोट आपटले.

उपाय नाही असे नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की उंबरठ्यावरच्या भारतीयांना फक्त आहार आणि चालण्याचा सल्ला सातत्याने देत राहिले तर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटतो. मेटफॉर्मिन या औषधाने तो २६.४ टक्क्यांनी घटला. दोन्ही एकत्र करून फारसे जास्त मिळाले नाही. अभ्यासातले लोक फार स्थूल नव्हते, वजनही फारसे उतरले नाही, तरी फायदा झाला. यातला कळीचा शब्द बाईंच्या मते ‘सातत्याने’. एकदा ‘चालत जा’ म्हणणे हा सल्ला नव्हे. कुठून कुठपर्यंत, किती वाजता, कोणाबरोबर, हे विचारावे लागते. बाई रुग्णांना मासुंदा तलावाच्या फेऱ्या नेमून देत आणि पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच विचारत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचून बाजूला ठेवली, कारण गरोदरपणातल्या मधुमेहाचे बोलायचे राहिले होते. गरोदरपणी साखर वाढलेली स्त्री बाळंत झाली की तिची साखर बहुधा खाली येते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. फाईल बंद होते. हीच स्त्री पुढे मधुमेह आणि मेटाबॉलिक सिंड्रोमकडे जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तिची पुन्हा तपासणी व्हायला हवी, आणि नंतरही नियमाने. ती येत नाही. बाळाच्या लसीला येते, स्वतःसाठी येत नाही. तेव्हा लसीच्या त्याच दिवशी तिला थांबवा, बाई म्हणाल्या. लस दुसरीकडे घेत असेल तर स्वतः फोन करा, हे काम सिस्टरवर सोडू नका. फोन बहुधा सासूबाई उचलतील. त्यांना ‘सुनेला पाठवा’ एवढेच सांगू नका, तपासणी कशासाठी आहे ते नीट समजावून सांगा, आणि ‘आजी, तुम्हीही सोबत या’ म्हणा. दोघी आल्या की दोघींच्याही पोटाचा घेर मोजा आणि एकाच कागदावर लिहा.